शेतातील तण आणि माळकऱ्याचा नेम

आषाढी दशमीची रात्र होती. चंद्रभागेच्या वाळवंटातले कीर्तन आटोपले, मंडळी आपापल्या राहुट्यांकडे पांगली, तरी एक गृहस्थ बसूनच राहिले. पन्नाशीचे वय, गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर उपरणे. अकोट तालुक्यातले राहणारे. पायी दिंडीने नव्हे, एस.टी.ने आलेले. जरा वेळाने ते आमच्याजवळ सरकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "महाराज, एक इचारू काय जी?" आम्ही महाराज वगैरे कोणी नव्हे, चार अक्षरे लिहिणारे आहोत, असे सांगून पाहिले. पण माणसाला मनावरचे ओझे उतरवावयाचे असते तेव्हा तो समोरच्याची योग्यता तपासून पाहत नाही.

ते म्हणाले, "यंदा म्या वावरात चोरबीटी लावली. पऱ्हाटी तीन आठवड्यांची झाली, तन वर आलं, तवा वरून फवारा मारला. तन जळालं, पऱ्हाटी उभी. पहिले या दिवसात निंदन सोडून पंढरीले येनं जमत नव्हतं. यंदा आलो. आता तुम्हीच सांगा जी, माही माळ राह्यली का तुटली?"

आम्ही लगेच उत्तर दिले. कायद्याने मना केलेले बी चोरून लावणे हे खोटे वागणे आहे, आणि माळकऱ्याने खोटे वागू नये. उत्तर बिनचूक होते, आणि बिनचूक उत्तर देऊन मोकळे होण्यात जे एक समाधान असते ते आम्हांला मिळाले. गृहस्थांनी मान हलविली, उठले, उपरणे झटकले. जाता जाता मात्र म्हणाले, "चोरीचं त समजलं जी. पन आमच्या भजनातल्या बाया दरसाल निंदनाच्या पैशातून वारीले येत. यंदा माह्या वावरात निंदन नाही, त त्याही नाही आल्या. त्याचं काय?"

एकादशीचा सबंध दिवस हे वाक्य आमच्या कानात राहिले. त्यांचा प्रश्न आम्हांला कळलाच नव्हता. ते माळेविषयी विचारीत होते आणि आम्ही सरकारी कायद्याविषयी बोलत होतो. म्हणून श्रावणात आम्ही त्यांच्या गावी गेलो, चार दिवस राहिलो, आणि जे पाहिले-ऐकले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. हा प्रश्न एकट्या वऱ्हाडाचा नाही. महाराष्ट्रात सुमारे चाळीस लाख हेक्टरांवर कापूस उभा असतो आणि तो पिकविणाऱ्या घरांतून शेकड्यांनी माळकरी निघतात.

आधी तण म्हणजे काय ते पाहू. शेतकीच्या पुस्तकांत व्याख्या अशी करितात की, नको त्या जागी उगवलेली वनस्पती ती तण. व्याख्या सोपी वाटते, पण तिच्यात एक शब्द फार जबाबदारीचा आहे. 'नको' म्हणजे कोणाला नको? घोळ, तांदुळजा, केना, तरोटा ही सारी पऱ्हाटीच्या ओळीत तणच. पण निंदण करणारी बाई संध्याकाळी घरी जाताना यांतलीच मूठ-दोन मूठ पदरात बांधून नेते, आणि तीच रात्रीची भाजी. मालकाला नको ते मजुराला हवे, असे हे आहे. लव्हाळा आणि हराळी यांचे तसे नाही; ती कोणालाच नको असतात. लव्हाळ्याची गाठ जमिनीत खोल राहते. वरून किती उपटा, आठ दिवसांत पुन्हा हजर. आम्ही कीर्तनात वासनेला हाच दृष्टांत देतो. पण शेतकऱ्याला तो दृष्टांत नसून खर्च असतो.

कापसाचे रोप लहानपणी फार संथ वाढते. पहिले साठ दिवस तण काढले नाही तर ते रोपाला खालून अन्न आणि वरून ऊन दोन्ही मिळू देत नाही. जुनी रीत अशी की, दोन तासांमधले तण बैलांच्या डवऱ्याने काढावयाचे आणि रोपालगतचे बायांनी विळ्या-खुरप्याने. चौफुली लावली असेल तर डवरा उभा-आडवा दोन्हीकडून फिरतो आणि बायांचे काम निम्म्यावर येते. पश्चिमेकडे यालाच कोळपणी आणि खुरपणी म्हणतात. अरणच्या सावता महाराजांनी जन्मभर हेच काम केले, आणि ते करीत असता नाम सोडले नाही म्हणून आपण त्यांना संत म्हणतो.

पण एकदा का झड लागली की ही सारी रीत कोलमडते. आठ-आठ दिवस पाऊस उघडत नाही, वापसा येत नाही, बैल वावरात शिरत नाहीत, चिखलात बाईला बसता येत नाही. तण मात्र त्याच आठ दिवसांत पऱ्हाटीच्या डोक्यावर जाते. पाऊस उघडला की साऱ्या गावाला एकाच दिवशी बाया हव्या असतात. एका एकराला आठ-दहा बाया लागतात, असे आम्हांला त्या गृहस्थांनीच बोटे मोडून दाखविले. बाया त्याच, वावरे शंभर. ज्याच्याजवळ रोख पैसा त्याचे निंदण आधी होते; ज्याच्याजवळ नाही त्याची पऱ्हाटी तणात पिवळी पडते. आम्ही शहरात बसून 'हाताने निंदा, विष कशाला मारता' असे म्हणणे सोपे आहे. झडीच्या आठवड्यात वावराच्या धुऱ्यावर उभे राहून तेच म्हणून पाहावे.

आता फवाऱ्याचे. साध्या कापसातही तणनाशके चालतात. पेरणीनंतर लगेच, उगवण होण्याआधी पेंडीमिथॅलिन मारतात. पुढे गवतवर्गी तणाला क्विझालोफॉप आणि रुंद पानांच्या तणाला पायरिथायोबॅक, अशी निवडून मारावयाची औषधे आहेत. ग्लायफोसेट मात्र निवड करीत नाही. वनस्पतीला वाढीसाठी लागणारी काही द्रव्ये जिच्या योगाने तयार होतात ती एक वाट तिच्या अंगात असते. हे औषध ती वाट बंद करिते आणि आठ-पंधरा दिवसांत हिरवे ते पिवळे होते. गवत असो, पऱ्हाटी असो, रानतुळस असो. १९७४ साली ते अमेरिकेत बाजारात आले. पुढे तिकडच्या शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका जंतूचा अंश कापसात घातला; त्या कापसाची ती वाट या औषधाने बंद होत नाही. १९९७ पासून असा कापूस अमेरिकेत पिकतो. शेतावर वरून सरसकट फवारा मारावा, कापूस जगतो, बाकीचे मरते.

आपल्या देशात बोंडअळीसाठी जनुक बदललेल्या कापसाला २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांच्या सुधारलेल्या जातीला २००६ साली. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचा अर्ज मात्र करणाऱ्या कंपनीनेच २०१६ साली मागे घेतला. तरीही बी बाहेर पडले ते पडलेच. २०१७ साली महाराष्ट्र, गुजरात, तेलंगण, आंध्र येथे ते सापडले आणि केंद्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. लोकांनी त्याला 'चोरबीटी' हे नाव दिले. पुढे १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्याच अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी हजारावर शेतकऱ्यांच्या देखत हे बी उघडपणे लावले, आणि त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले.

येथे शंका अशी निघते की, उघड लावणारा आणि चोरून लावणारा यांत माळेच्या दृष्टीने काही भेद आहे की नाही? आमच्या मते फार आहे. बी बरे की वाईट, सरकारचे बरोबर की शेतकऱ्याचे, हा वाद बाजूला ठेवा. जो दिवसाढवळ्या लावतो आणि 'मी लावले, काय करावयाचे ते करा' असे म्हणतो, त्याने कायदा मोडला असेल, सत्य मोडले नाही. त्याचे चुकत असेल तर ते चारचौघांना दिसते, आणि समजावून सांगावयास वाट राहते. चोरून लावणाऱ्याचे तसे नाही. त्याला पाकीट रात्री घ्यावे लागते, बिनबिलाचे घ्यावे लागते. बी उगवले नाही तर कोणाच्या दारात उभे राहणार? पाकिटातले बी खरोखर त्या जातीचे आहे की नाही, हे फवारा मारल्यावरच कळते, आणि नसेल तर तणाबरोबर पऱ्हाटीही जाते. विकणारा या भानगडीत नामानिराळा राहतो आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसतो तो घेणाऱ्याला.

इतके सारे आम्ही आमच्या यजमानांना समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे त खरंच जी. पन चला, वावर दाखवतो."

वावर दाखविले. पऱ्हाटी कमरेला लागलेली, काळीभोर, खाली जमीन स्वच्छ. मन प्रसन्न व्हावे असेच ते दृश्य. पण आम्हांला काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते ते काय, हे बऱ्याच वेळाने लक्षात आले. वऱ्हाडातल्या पऱ्हाटीत आठ-दहा तासांनंतर तुरीचे तास असावयाचे, मधून बरबटी, कडेला अंबाडी असावयाची. येथे तूर नव्हती. आम्ही विचारले. ते म्हणाले, "तूर कशी राहीन? फवारा तुरीले ओळखते काय?" म्हणजे वर्षाच्या वरणाची तूर यंदा दुकानातून आणावयाची. निंदणाचा पैसा वाचला त्यातून हा खर्च वजा करावा, असे आम्ही त्यांना सुचविले. त्यांनी तो हिशेब केलेला नव्हता. घरच्या बाईने मात्र केला होता, चुलीपुढून आवाज आला, "मी त पहिलेच सांगतलं होतं."

मग ते आम्हांला धुऱ्यावर घेऊन गेले आणि ज्यासाठी ते पंढरपुरात रात्री बसून राहिले होते ती गोष्ट त्यांनी तेथे सांगितली. दरवर्षी पहिल्या निंदणाला त्यांच्याकडे गावातल्या ठरलेल्या बाया येतात. बोलावणे धाडावे लागत नाही. पेरणीपासूनचे दिवस मोजून त्या स्वतःच येतात. यंदाही आल्या. सकाळी विळे-खुरपे घेऊन, दुपारची भाकर बांधून, धुऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. समोर तण पिवळे पडून खाली बसलेले. कोणी काही बोलले नाही. त्यांतल्या एकीने वाकून तणाची एक काडी उचलली, हातात मोडून पाहिली, टाकली, आणि साऱ्या परत गेल्या. त्यांत त्यांच्या भजनातल्या चार जणी होत्या. हे गृहस्थ त्या वेळी विहिरीआड उभे होते, पुढे आले नाहीत.

आम्ही म्हणालो, "आधी सांगावयाचे होते की, यंदा निंदण नाही."

ते म्हणाले, "सांगतलं असतं त बी कोनतं लावलं हे गावभर झालं असतं जी."

येथे आमचे डोळे उघडले. आम्ही वाळवंटात जो अपराध धरला होता तो सरकारशी खोटेपणाचा. पण त्यांना जो टोचत होता तो दुसराच. सरकारपासून लपवावयाचे म्हणून त्यांना बायांपासून लपवावे लागले. आणि सरकारचे त्यात काय गेले हे आम्हांला सांगता येत नाही, पण त्या बायांचा एक हंगाम गेला. महिनाभर आधी कळले असते तर त्या दुसऱ्या गावच्या वावरात, एखाद्या बागेत, रोजगार हमीच्या कामावर, कोठे तरी नाव सांगून ठेवत्या. खोट्याची ही रीतच आहे. ते ज्याच्यासाठी सांगितले त्याच्यापाशी थांबत नाही. वाटेत जो दुबळा सापडतो त्याच्यावर जाऊन पडते.

आता कोणी विद्वान म्हणेल, हे सारे भावनेचे बोलणे आहे. पिठाची गिरणी आली तेव्हा जाते गेले. पहाटे उठून दळावयाचे बाईचे कष्ट गेले, कोणी रडले का? जनाबाईंबरोबर देव दळू लागला ही कथा आपण आनंदाने सांगतो, पण घरी दळण गिरणीतच टाकतो. मग खुरपे गेले तर एवढा शोक कशाला? चिखलात दिवसभर उकिडवे बसून निंदणे हे काय भाग्य आहे?

हा पूर्वपक्ष बळकट आहे, आणि तो आम्ही त्या बायांपुढेच ठेविला. त्यांच्यातली एक साठीची आई म्हणाली, "चाळीस वर्सं निंदलं जी. कंबर गेली, गुडघे गेले. माह्या पोरीनं निंदावं असं मले वाटतच नाही. पन पोरगी शिकून कामाले लागेपर्यंत चूल कायनं पेटवू, ते सांगा." आमच्याजवळ उत्तर नव्हते. पण तिच्या बोलण्यात गिरणीच्या दृष्टांताचे उत्तर होते, आणि ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. जाते बाईचे स्वतःचे होते, दळण तिच्या स्वतःच्या घरचे होते, त्याची मजुरी तिला कोणी देत नव्हते. गिरणी आली तेव्हा सुटलेले कष्ट तिचे आणि मिळालेली झोपही तिचीच. निंदणाचे तसे नाही. वावर दुसऱ्याचे, मजुरी तिची. फवारा आला की कष्ट तिचे सुटतात, पण सुटलेल्या कष्टांचे फळ, म्हणजे वाचलेला पैसा, मालकाच्या कनवटीला राहतो. तिच्या वाट्याला कष्टही नाहीत आणि भाकरही नाही. कष्ट जावेत, हे कोण नको म्हणतो? ते गेल्यावर जे उरते ते कोणाचे, एवढाच प्रश्न आहे. आणि फवाऱ्याच्या डब्यावर त्याचे उत्तर छापलेले नसते.

तथापि मालक म्हणजे सारे सावकार आहेत असे कोणी समजू नये. त्याच गावात तीन एकरांची एक विधवा बाई भेटली. ती स्वतः दुसऱ्याच्या निंदणाला जाते. ज्या आठवड्यात लोकांच्या वावरात काम, त्याच आठवड्यात तिच्या वावरात तण. लोकांचे निंदले तर हातात रोख येते पण आपले पीक जाते. आपले निंदले तर चूल थांबते. तिने यंदा पाठीवर पंप घेऊन स्वतः फवारा मारला आणि मजुरीला गेली. तिला हे औषध म्हणजे संकटात मिळालेला जास्तीचा हात वाटतो. तिला आम्ही कोणत्या तोंडाने उपदेश करणार होतो? आम्ही फक्त एवढे विचारले की, फवारताना तोंडाला फडके बांधले होते काय. ती हसली.

त्या हसण्याची आम्हांला भीती वाटली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. ती औषधे किडीची होती, तणाची नव्हेत, हे खरे; पण पंप तोच, पाठ तीच आणि उघडे हात तेच. ग्लायफोसेटविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मार्च २०१५ मध्ये 'कर्करोग होण्याचा संभव आहे' असा अभिप्राय दिला. अमेरिकेच्या आणि युरोपच्या तपासणी संस्थांनी तो मानला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या केंद्र सरकारने असा हुकूम काढला की, हे औषध परवानाधारक कीड-नियंत्रकाकडूनच मारून घ्यावे. आम्ही फिरलो त्या गावांत असा परवानाधारक कोणी पाहिलेला नव्हता. औषध मात्र सर्वांनी पाहिले होते.

एक गोष्ट आम्ही त्या गावातल्या मंडळींना ओसरीवर सांगितली ती येथेही सांगतो, कारण एकादशी करणाऱ्या प्रत्येकाला ती जवळची वाटेल. आपण उपवासाला जो राजगिरा खातो त्याचा एक रानटी भाऊबंद अमेरिकेत आहे. त्याच्या एका मादी झाडाला लाखोंनी बी धरते आणि अनुकूल दिवसांत ते दिवसाला दोन-अडीच इंच वाढते. तिकडच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे एकच औषध मारले. त्यात लाखांतले एखादे झाड मरावयाचे राहिले, त्याचे बी पडले, पुढच्या वर्षी तेही मरावयाचे राहिले. २००५ साली जॉर्जिया संस्थानात शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, या राजगिऱ्याला आता ग्लायफोसेट लागू पडत नाही. मग काय झाले? ज्या देशात मजूर महाग म्हणून हे सारे आरंभिले, त्याच देशातल्या कापसात माणसांच्या टोळ्या पुन्हा खुरपी-कुदळी घेऊन उतरल्या. ऐकणारा एक तरुण पटकन म्हणाला, "म्हंजे बाया पुन्हा बोलवा लागल्या म्हना!" सारे हसले, त्या बाया ओसरीखाली बसल्या होत्या, त्याही हसल्या.

पण कथेचा पुढचा भाग हसण्यासारखा नाही. जुने औषध चालेना म्हणून तेथे डायकांबा नावाचे दुसरे औषध सहन करणारे बी काढले. कापसाचे बी २०१५ सालीच विकले गेले, उभ्या पिकावर ते औषध मारण्याची परवानगी मात्र नोव्हेंबर २०१६ पर्यंत मिळालेली नव्हती. बी हातात, तण डोक्यावर, परवानगी नाही. लोकांनी चोरून मारले. हे औषध वाऱ्यावर उडून, वाफ होऊन शेजारच्या शेतात जाते, आणि ज्याच्या शेतात साधे बी त्याची पाने वाटीसारखी वळतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये आर्कान्सा आणि मिसूरी या दोन संस्थानांच्या सीमेवर याच कारणावरून तक्रार झाली. ज्याचे पीक गेले तो शेतकरी आणि शेजारच्या शेतावरचा एक कामगार गावरस्त्यावर भेटले, शब्दाला शब्द वाढला, आणि कामगाराने त्या शेतकऱ्याला गोळी घालून ठार केले. २०१७ साली त्याला शिक्षा झाली. तणापायी माणूस मेला. आपल्याकडे धुऱ्यासाठी डोकी फुटतात हे आपण पिढ्यान्पिढ्या पाहत आलो. धुऱ्यावरून उडून जाणाऱ्या थेंबासाठीही फुटतील. आमच्या यजमानांच्या शेजाऱ्याने साधे बी लावले होते आणि त्याच्या धुऱ्याकडच्या दोन तासांची पाने पिवळी पडलेली आम्हांला दिसली. शेजारी काही बोलला नव्हता. यजमानही बोलले नव्हते. त्या दोघांमध्येही एक विहीर उभी राहिली होती म्हणा ना.

निघण्याच्या आदल्या रात्री त्यांनी पुन्हा विचारले, "मग माळेचं काय?"

या वेळी आम्ही घाई केली नाही. आम्ही म्हणालो, "दादा, माळ तुटली की राहिली हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. पण ज्या दिवशी तुम्ही विहिरीआड उभे राहिलात त्या दिवशी काहीतरी मोडले, आणि ते तुम्हांला त्याच क्षणी कळले होते. आम्हांला विचारण्याची गरज नव्हती. जे तेथे मोडले ते पंढरपुरात सांधत नाही. ते धुऱ्यावरच सांधावयाचे."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बायांले सांगू काय? का शेजाऱ्याले पहिले?"

आम्ही म्हणालो, "शेजारी जवळ आहे."

त्या रात्री ते कंदील घेऊन गेले आणि उशिरा आले. काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. चुलीपुढून मात्र विचारले गेले, आणि उत्तर आले की, दोन तासांच्या कापसाचे काय ते वेचणीला पाहू असे शेजारी म्हणाला.

कार्तिकीला ते आले नाहीत. वेचणीचे दिवस होते. अक्षय तृतीयेनंतर त्यांचे पत्र आले. त्यांनी लिहिले की, त्या दिवशी बायांना ओसरीवर बोलावले आणि मागच्या साली कोणते बी लावले होते ते सर्वांसमक्ष सांगितले. बायांना ते आधीच ठाऊक होते. पुढे लिहितात की, यंदा बिलाचे साधे बी घ्यावे, पेरणीनंतर उगवण्याआधीचे औषध मारावे, चौफुली लावून डवरे फिरवावे आणि पहिले एक निंदण बायांचे ठेवावे, असा विचार आहे. तुरीचे तास परत येतील, कारण घरातून तशी आज्ञा झाली आहे. झड लागली तर काय करावयाचे, हे मात्र ठरलेले नाही. त्या दिवशी हात कशाला जाईल याची खात्री देत नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. पण फवारा मारावयाचा झाला तर आदल्या दिवशी शेजाऱ्याला आणि बायांना सांगेन, असा शब्द त्यांनी दिला आहे.

पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. त्या साठीच्या आईने सर्वांदेखत त्यांना विचारले की, मागच्या आषाढीला तू गेलास आणि आम्ही राहिलो, तर यंदा आमच्या एस.टी.चे काय? यावर आपण काय बोललो ते मात्र त्यांनी लिहिलेले नाही. आम्ही उलट टपाली विचारले आहे.